मे महिन्याची सुट्टी आणि वाचनालयाची अनामत

परीक्षा संपत आल्या की अनेक गावांत वाचनालयाच्या फळ्यावर खडूने सूचना लिहिली जाते: ‘सुट्टीसाठी बालसभासद नोंदणी सुरू’. त्याखाली वर्गणी आणि अनामत. वाचनालय सार्वजनिक, तरी पुस्तक घरी न्यायचं तर आधी पैसे ठेवायचे, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याचं नवल वाटत नाही. ही रीत आली कुठून, हे पाहायला बरंच मागे जावं लागतं.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. पुण्यात १८४८ मध्ये ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ निघाली, तिच्यामागे लोकहितवादी होते. या संस्था देणग्यांवर आणि सभासदांच्या वर्गणीवर उभ्या राहिल्या. वाचणारे म्हणजे इंग्रज अंमलदार, वकील, मास्तर, कचेरीतले कारकून. मुलांचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांनी सुट्टीत वाचावं असं मराठीत फारसं काही नव्हतंच. विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ मासिक आलं १८८१ मध्ये आणि वासुदेव गोविंद आपट्यांचं ‘आनंद’ १९०६ मध्ये.

मधल्या काळात वि. ल. भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय काढलं, १८९८ मध्ये मुंबईला तसंच दुसरं निघालं. नावातच ‘संग्रहालय’ आहे. मराठीत छापलेलं पुस्तक नाहीसं होऊ नये, ही त्यांची तळमळ. ती नसती तर आज कितीतरी जुनी पुस्तकं आपल्याला पाहायलाही मिळाली नसती. पण ज्याला पुस्तक जपायचं असतं, तो ते दहा वर्षांच्या पोराच्या हाती सहजासहजी देत नाही. कपाटाचं कुलूप आणि अनामतीची पावती या दोन्हींत मला ती जपणूक दिसते.

वेगळी वाट निघाली ती बडोद्यात. सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सोडल्यावर मुलं वाचायला विसरली तर त्या शिक्षणाचा उपयोग काय, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेतली मोफत ग्रंथालयं महाराजांनी स्वतः पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी तिथून विल्यम बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून घेतले. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र विभाग झाला आणि खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या निघाल्या. खर्च दरबारचा. मराठी राजाने केलेली ही सोय मुंबई इलाख्यातल्या मराठी मुलांना मात्र मिळाली नाही.

इलाख्यात १९३९ मध्ये फैजी समिती नेमली गेली. गावापर्यंत पोचणाऱ्या ग्रंथालयांची योजना तिने आखली खरी, पण पुढे युद्ध आणि पैशांची चणचण. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या आग्रहाने ग्रंथालयासाठी कर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. १ मे १९६८ पासून तो लागू झाला, म्हणजे शाळांचे निकाल लागायच्या सुमारास; हा निव्वळ योगायोग.

या कायद्यात कर नाही. गावातल्या संस्थांना सरकारने मान्यता द्यायची, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवायचा आणि त्याप्रमाणे अनुदान द्यायचं. वाचनालय चालवते ती संस्थेची कार्यकारिणीच. महाराष्ट्रात खेडोपाडी हजारो वाचनालयं टिकली ती या व्यवस्थेमुळे, हे मान्य करायला हवं. पण अनुदान पुरत नाही, म्हणून वर्गणी सुटत नाही. सुट्टीत मुलांसाठी काही करायचं की नाही, हेही त्या गावची कार्यकारिणी आणि ग्रंथपाल यांच्या उत्साहावर राहतं.

सुट्टीत मुलांची खरी गाठ पडते ती देवघेवीच्या खिडकीशी. एका वेळी एक पुस्तक, फार तर जोडीला एक मासिक. पुष्कळ ठिकाणी आणखी एक नियम: आज नेलेलं पुस्तक आजच बदलून मिळणार नाही. मोठ्यांच्या कादंबरीला तो ठीक. मुलगी मात्र ऐंशी पानांचं पुस्तक दुपारच्या जेवणाआधीच संपवते आणि संध्याकाळी पुन्हा खिडकीशी हजर. मग कुणी तारखेच्या चिठ्ठीवर बोट ठेवून तिला परत पाठवतं, कुणी ‘बरं, पण हे एकदाच’ म्हणून दुसरं काढून देतं.

अलीकडे काही वाचनालयांनी मुलांची अनामत माफ केली आहे, काही ठिकाणी सुट्टीपुरती वर्गणी नाममात्र असते. सरकारनेही ४ मे २०१७ रोजी, ऐन सुट्टीत, पाचगणीजवळच्या भिलारला ‘पुस्तकांचं गाव’ केलं. तिथे घराघरांत बसून हवं ते पुस्तक वाचता येतं, आणि त्यासाठी सभासद व्हावं लागत नाही.