मालव्याची रात्र मोजणारी शेवंती

दिवाळीच्या पणत्या धुऊन माळ्यावर गेल्या की आमच्या इंदूरच्या अंगणातला पावसाळा खरा संपतो. तेरडा तोवर वाळून काटकुळा झालेला असतो. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ हे त्याच्या फुलांपुरतं ठीक आहे, पण जाता जाता तो गंमत करून जातो. फुगलेल्या बोंडाला बोट लागलं की त्याची सालं स्प्रिंगसारखी वळतात आणि बिया टपटप अंगावर उडतात. गुलबक्षीखाली काळ्या मिऱ्यांसारख्या बियांचा सडा, आणि पारिजातकाचा पांढरा-केशरी सडा मात्र रोज थोडा विरळ. सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडूचे कंद तळायला लागले की समजायचं, स्वेटर काढायची वेळ झाली. आता बाग आवरून टाकावी असं वाटायला लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेवंती कळ्यांनी लगडते.

गेल्या वर्षी ती अर्धीच लगडली. माझ्याकडे शेवंतीच्या दोन कुंड्या आहेत, एकाच रोपाचे फुटवे काढून लावलेल्या. एक पुढे फाटकाशी, दुसरी मागे धुण्याच्या दगडापाशी. माती तीच, खत तेच, पाणी घालणारे हातही तेच. मागची दिवाळीला पिवळ्या बटणांनी भरून गेली. पुढची मात्र हिरवीगार, तरतरीत, कमरेएवढी वाढलेली, आणि कळी म्हणून औषधाला नाही.

शेजारच्या काकूंनी निदान केलं, “अगं, खत जास्त झालंय. नुसता पाला सुटलाय.” संशय चुकीचा नव्हता. नत्र जास्त झालं की झाड पानांच्या मागे लागतं आणि फुलं लांबतात. शिवाय खताबद्दल इंदूरकरांनी बोलायचं नाही तर कुणी? पालापाचोळा, शेण, माती, राख यांचे थर रचून, ते वर-खाली करत कंपोस्ट करायची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते, ती इंग्रज शेतीशास्त्रज्ञ सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इथेच, १९२४ मध्ये सुरू झालेल्या वनस्पती संशोधन संस्थेत बसवली. आजूबाजूचे शेतकरी काय करतात ते बघून, त्यांच्याकडून शिकून बसवली, हेही सांगायला हवं. पण माझ्या दोन्ही कुंड्यांना खत एकाच ढिगातलं होतं. खताचा दोष असता तर मागची शेवंतीही फुलली नसती.

उत्तर एका रात्री फाटकाला कुलूप लावताना मिळालं. गल्लीत पावसाळ्यात नवा पांढरा एलईडी दिवा लागला होता, आणि शेवंतीची सावली पायरीवर इतकी स्वच्छ पडली होती की पान न् पान मोजता यावं.

शेवंती थंडीची वाट बघत असते असा आपला समज असतो. थंडीचा संबंध आहेच, पण कळी धरायची की नाही हे ती मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून ठरवते. वनस्पती असा काही हिशेब ठेवत असतील हे १९२० पर्यंत फारसं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन शास्त्रज्ञांपुढे तंबाखूची एक जात होती, ‘मेरीलँड मॅमथ’. उन्हाळ्यात ती माणसाच्या डोक्यावरून जाई, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात ठेवलेली त्याच जातीची रोपं मात्र लहान असतानाच फुलत. दोघांनी तापमान बदलून पाहिलं, खत बदलून पाहिलं, ओलावा बदलून पाहिला. शेवटी १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी बिनखिडक्यांची एक खोपटी उभारली आणि रोज दुपार कलली की रोपं आत ढकलायला सुरुवात केली. बाहेर भर उन्हाळा, पण आतल्या रोपांचा दिवस आखूड. रोपं फुलली. त्यांनी याला नाव दिलं ‘फोटोपीरियडिझम’, मराठीत दीप्तिकालिता. दिवस आखूड झाल्यावर फुलणाऱ्या झाडांना त्यांनी ‘अल्पदिनी’ म्हटलं. शेवंती, पॉइनसेटिया ही त्यातली.

हे नाव तसं उलटंच पडलं, असं माझं मत आहे. १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी झुडपावर प्रयोग केले. त्याची आकड्यांची फळं आपल्या पायजम्याला चिकटतात. मराठीत कुणी त्याला लांडगा म्हणतं. या झुडपाला साडेआठ तासांच्या आसपास सलग अंधार मिळाला की एका रात्रीतही ते फुलायचं ठरवतं. शास्त्रज्ञांनी दिवसाच्या मध्ये थोडा अंधार करून पाहिला. झुडपाला काही फरक पडला नाही. मग रात्रीच्या मध्यावर काही मिनिटं दिवा लावला, तर फुलणं बंद. म्हणजे झाड दिवस मोजतच नव्हतं, ते अखंड काळोख मोजत होतं. खरं तर त्यांना ‘दीर्घरात्री’ म्हणायला हवं होतं, पण तोवर पहिलं नाव रुळलं होतं.

‘सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा’ ही म्हण इथे लहानपणापासून ऐकतो. पठारावरची रात्र उन्हाळ्यातही निवते म्हणून तिचं कौतुक. शेवंतीच्या लेखी त्या रात्रीची लांबी महत्त्वाची. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडंसं दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे दिवस-रात्रीचा खेळ फार ताणत नाही. जूनमधला सर्वांत मोठा दिवस साधारण साडेतेरा तासांचा, डिसेंबरमधला सर्वांत लहान पावणेअकरा तासांचा. स्वातंत्र्यदिनाला दिवस तेरा तासांच्या जवळ असतो, दिवाळीच्या सुमारास सव्वाअकरा-साडेअकरावर येतो. एवढासा फरक झाडाला कसा कळणार, असं वाटेल. पण विषुववृत्ताजवळ मलेशियात, जिथे वर्षभरात दिवसाची लांबी जेमतेम पाव तासाने बदलते, तिथेही भाताच्या एका जातीची फुलण्याची वेळ त्यावरून बदलते असं दिसलं आहे. शेवंतीला मिळणारा तास-दीड तास म्हणजे चैनच.

उजेड ओळखण्याचं काम पानांमधलं फायटोक्रोम नावाचं एक प्रथिन करतं. त्याची दोन रूपं आहेत. तांबडा उजेड पडला की ते एका रूपात जातं, आणि त्याहून जरा लांब लहरींचा, आपल्याला जेमतेम दिसणारा अतिरक्त उजेड पडला की परत पहिल्या रूपात. अमेरिकेतल्याच बेल्ट्सव्हिल इथल्या संशोधकांनी १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर हा खेळ पाहिला होता: तांबडा, अतिरक्त, तांबडा, अतिरक्त असे उजेड आळीपाळीने टाकले, तर शेवटचा कोणता होता त्यावर बी रुजणार की नाही हे ठरे. बरोबर विजेच्या बटणासारखं. फाटकावरच्या पांढऱ्या एलईडीत तांबडा भाग पुरेसा असतो आणि अतिरक्त जवळजवळ नसतो. माझ्या शेवंतीच्या पानांना रात्रभर ‘अजून उजेड आहे’ हाच निरोप मिळत राहिला.

पानांना, असं मुद्दाम म्हणते. कळी येते शेंड्याला, पण रात्र मोजतात पानं. हे दाखवणारा सुंदर प्रयोग शेवंतीवरच झाला. १९३० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञ मिखाइल चैलाख्यान यांनी शेवंतीच्या वरच्या भागाची पानं काढून टाकली आणि फक्त खालच्या पानांना लांब रात्र दिली. वरचा उघडा शेंडा लांब दिवसातच होता, तरी तिथे फुलं आली. याचा अर्थ पानांतून काहीतरी वर चढत होतं. त्यांनी त्या न दिसलेल्या पदार्थाला ‘फ्लोरिजेन’ असं नाव दिलं. पुढची सत्तर वर्षं तो कुणाच्या हाती लागला नाही, इतका की तो आहेच का अशी शंका घेणारेही होते. २००७ मध्ये तो सापडला: ‘एफटी’ नावाचं एक छोटं प्रथिन, पानात तयार होऊन अन्नरसाबरोबर शेंड्यापर्यंत जाणारं. आणि २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी शेवंतीत त्याचा विरोधकही दाखवला. रात्रीच्या ठरावीक टप्प्यात पानांवर उजेड पडला की शेवंती हे ‘फुलू नको’ म्हणणारं प्रथिन बनवते. माझ्या कुंडीत पावसाळ्यापासून बहुधा तेच बनत होतं.

हे सगळं मी काकूंना सांगितलं, तर त्यांनी फार चांगला प्रश्न विचारला. “मग कोजागिरीला शेवंती गोंधळत नाही का?” नाही गोंधळत. पूर्ण चंद्राचा उजेड आपल्याला दुधात साखर दिसावी इतका वाटतो, पण लक्स या उजेडाच्या एककात मोजला तर पाव लक्सच्या आसपास. फाटकाशी माझा फोन पंधराच्या जवळचा आकडा दाखवत होता, म्हणजे पन्नासपट तरी जास्त. चंद्राकडे आपण हौसेने बघतो, दिव्याकडे दुर्लक्ष करतो. शेवंतीचं बरोबर उलट आहे.

व्यापारी बागांमध्ये हीच गोष्ट मुद्दाम करतात. फुलं लांबवायची असतील तर रात्री मधोमध काही तास दिवे लावतात, आणि लवकर हवी असतील तर पॉलीहाउसवर संध्याकाळी काळं कापड ओढतात. बाजारात शेवंती बारा महिने दिसते ती यामुळे.

थंडीचं म्हणाल तर तिचा हात फुललेल्या फुलांवर फिरतो. नोव्हेंबरात इथली रात्र पंधरा अंशांच्या आसपास उतरते. तापमान दहा अंशांनी घटलं की फुलाचं श्वसन साधारण निम्म्यावर येतं, साठवलेली साखर हळू खर्च होते आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत माना टाकणारी फुलं आता आठवडाभर ताठ राहतात. गुलाबी-जांभळ्या शेवंतीत आणि लाल गुलाबात अँथोसायनिन हे रंगद्रव्य असतं, ते गार हवेत आणि स्वच्छ उन्हात जास्त बनतं. म्हणून तोच गुलाब मे महिन्यात फिका आणि डिसेंबरात गडद दिसतो. पिवळा झेंडू या बाबतीत थंड आहे. त्याचा रंग ल्युटिन या पिवळ्या रंगद्रव्याचा, आणि तो ऋतू बघून फारसा बदलत नाही. झेंडूची वाळकी फुलं तेवढी खुडत राहा; बी भरायला लागली की झाडाची साखर तिकडे वळते आणि नव्या कळ्या थांबतात.

जाता जाता आणखी एक: शेवंतीचं किंवा झेंडूचं एक फूल म्हणजे एक फूल नव्हेच. प्रत्येक ‘पाकळी’ स्वतंत्र फूल आहे. देवाला एक शेवंती वाहिली की शंभरेक फुलं वाहिल्याचं पुण्य पदरात पडायला हरकत नाही.

तुळशीचं लग्न झालं त्याच आठवड्यात मी पुढची कुंडी उचलून मागे नेली. दोघांना धरावी लागली, इतकी जड झाली होती. महिन्याभरात शेंड्यांवर मुगाएवढ्या कळ्या दिसायला लागल्या, आणि मागच्या शेवंतीची फुलं तपकिरी पडली तेव्हा, संक्रांतीच्या दोन दिवस आधी, हिचं पहिलं फूल उघडलं. यंदा ऑगस्टमध्ये शेंडे खुडले तेव्हापासूनच दोन्ही कुंड्या मागे आहेत. फाटकाशी सदाफुली लावली आहे. तिला रात्र मोजायची नसते. दिव्याखाली ती मजेत फुलते.