पोटोमॅकवरचा 200 फुटांचा मार्ग : पार्श्वभूमी

29 जानेवारी 2025 च्या रात्री वॉशिंग्टनमधील विमानतळालगत, पोटोमॅक नदीवर, लष्करी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणि उतरण्याच्या बेतात असलेले प्रवासी जेट यांची टक्कर होऊन 67 जणांचा मृत्यू झाला. नंतरच्या चर्चेत हेलिकॉप्टर नेमून दिलेल्या उंचीच्या वर होते, यावरच भर राहिला. नियंत्रित हवाई क्षेत्रात दोन विमानांमधील अंतर राखायचे कोणी, हा त्याहून जुना आणि महत्त्वाचा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

1978 मध्ये सॅन दिएगोवर प्रवासी जेट आणि छोटे विमान धडकून 144 जण दगावले. त्या जेटच्या वैमानिकांनी धडकेपूर्वी ‘विमान दिसले’ असे कळवले होते. पुढे मोठ्या विमानतळांभोवतीचे नियंत्रण कडक झाले, पण नजरेवर विसंबण्याची मुभा कायम राहिली. 2025 च्या टकरीच्या वेळीही अमेरिकेतील बी वर्गाच्या, म्हणजे सर्वांत गजबजलेल्या विमानतळांभोवतीच्या क्षेत्रात दृश्य नियमांनी, म्हणजे बाहेर नजर ठेवून उडणारे हेलिकॉप्टर आणि जेट यांच्यात नियंत्रकाने बाजूने दीड मैल किंवा उंचीत 500 फूट अंतर ठेवायचे असे. हे जमत नसेल, तर वैमानिकाने समोरचे विमान पाहून स्वतःच अंतर राखायचे, हा तिसरा पर्याय नियमातच दिलेला होता.

पोटोमॅकवर पहिले दोन पर्याय बऱ्याचदा शक्यच नव्हते. नदीच्या पूर्व काठाने जाणाऱ्या हेलिकॉप्टर मार्गाची कमाल उंची 200 फूट होती आणि धावपट्टी 33 वर उतरणारी विमाने तोच काठ ओलांडून येत. मर्यादा तंतोतंत पाळली तरी दोहोंतील उभे अंतर काही ठिकाणी जेमतेम 75 फूट उरू शकत होते. नकाशावर मार्गाची रेघ होती, पण काठापासून किती आत वा बाहेर उडायचे याची हद्द आखलेली नव्हती. परिणामी अपवादासाठी ठेवलेली तरतूद तेथे नित्याची झाली.

त्या रात्री हेलिकॉप्टरने दोनदा ‘विमान दिसते आहे’ असे सांगून नजरेने अंतर राखण्याची परवानगी मागितली आणि दोन्ही वेळा ती मिळाली. समोर शहराचे दिवे होते, विमानतळाकडे येणाऱ्या इतर विमानांचेही होते, आणि त्यांतले नेमके कोणते विमान पाहिले याची खातरजमा करण्याची सोय या पद्धतीत नाही. नियंत्रकाचे बोलणे दोघांनाही ऐकू जात होते, पण रेडिओच्या वारंवारिता वेगवेगळ्या असल्याने दोन्ही वैमानिकांना एकमेकांचे ऐकू येत नव्हते. जेटच्या मागून जाण्याची सूचना दिली गेली, परंतु नेमक्या त्याच क्षणी हेलिकॉप्टरमधील माइकचे बटण दाबलेले असल्याने तिचा काही भाग तेथे पोहोचलाच नसावा. जेटमधील टक्करप्रतिबंधक यंत्रणेने इशारा दिला. मात्र वर किंवा खाली वळवण्याचा आदेश ती जमिनीच्या इतक्या जवळ देत नाही.

ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात येथे प्रवासी विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यातील आडवे अंतर 1500 फुटांहून आणि उभे अंतर 200 फुटांहून कमी असल्याच्या 85 घटना हवाई वाहतूक यंत्रणेकडे नोंदलेल्या होत्या. माहिती हाताशी असताना तिची दखल घेतली गेली नाही, हे कोणत्याही एका वैमानिकाच्या चुकीपेक्षा गंभीर आहे. मार्च 2025 मध्ये मार्गाचा तो टप्पा बंद झाला. त्यानंतर इतर शहरांतील नोंदीही तपासल्या गेल्या आणि लास व्हेगासमध्ये पर्यटकांना फिरवणाऱ्या हेलिकॉप्टरांच्या बाबतीत अशाच उणिवा आढळल्याने तेथील कार्यपद्धती बदलावी लागली.