कणकेचा घरगुती पाव

कणकेचा पाव : कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाचा, यीस्टने किंवा पिठाच्या विरजणाने फुगवून घरी भाजलेला पाव. त्याच पिठाचे लहान गोळे करून भाजले की बन होतात. मैद्याच्या पावाची कृती समोर ठेवून त्यात नुसती कणीक घातली, तर पाव बहुधा विटेसारखा बसतो आणि दोष कणकेच्या माथी येतो. वास्तविक कणकेची रीतच वेगळी आहे. तिला पाणी जास्त लागते, मुरायला सवड लागते आणि फुगायला मात्र मैद्यापेक्षा कमी वेळ द्यावा लागतो. एवढे सांभाळले तर लहानशा ओव्हनमध्येही मऊ पाव होतो.

पाव गोवा-कोकणात आला तो सोळाव्या शतकात, पोर्तुगिजांबरोबर. यीस्ट नव्हते, तेव्हा गोव्यातल्या पोदेरांनी (पाव भाजणाऱ्यांनी) पीठ फुगवायला माडाची सुर (माडी) वापरली. कोंडा लावून भाजलेली, आतून पोकळ पोई ही त्याच परंपरेतली. आता तीही बहुतेक ठिकाणी यीस्टवरच फुगते. वसई-मुंबईकडच्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती घरांत सणासमारंभाला फुगे होतात. आंबवलेल्या पिठाचे हे गोळे तेलात तळले जात असल्यामुळे त्यांना भट्टीची गरज पडत नाही.

इतर मराठी घरांत पाव बराच काळ बाटवणारा पदार्थ मानला गेला. मुंबईत १८४९ साली स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला, जातिबंधन झुगारल्याची खूण म्हणून, ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खावा लागे. यावरून त्या काळी पावाचा किती धसका होता ते कळते. पुढे धसका ओसरला, तरी पाव घरी भाजण्याची सवय काही लागली नाही. कारण साधे होते : चूल आणि शेगडी खालून आच देतात, पावाला चहूबाजूंनी कोंडलेली उष्णता लागते. नानकटाईसुद्धा घरचे सामान डब्यात भरून जवळच्या बेकरीतून भाजून आणत. कुकरची शिटी आणि रबर काढून, तळाशी वाळू किंवा मीठ घालून त्यात भाजण्याची युक्ती पुष्कळांनी वापरली आणि ती आजही चालते. टेबलावर मावणारा विजेचा ओव्हन शहरी घरांत रुळल्यावर मात्र चित्र पालटले. २०१६ साली पावात सर्रास वापरल्या जाणाऱ्या पोटॅशियम ब्रोमेट या रसायनावर केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बंदी घातली. ‘ब्राउन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पावाचा रंग कित्येकदा कॅरमलचा असतो, हेही वेष्टन वाचणाऱ्यांच्या लक्षात येऊ लागले. आपल्या पावात काय आहे हे आपल्याला माहीत असावे, ही इच्छा घरी पाव करण्यामागे आहे आणि ती रास्त आहे. २०२०च्या टाळेबंदीत अनेकांनी पहिल्यांदा यीस्टची पुडी फोडली.

गव्हाच्या दाण्यात साधारण ८३ टक्के भाग पिठूळ गराचा, १४ टक्के कोंड्याचा आणि उरलेला अंकुराचा. मैदा म्हणजे नुसता गर. तंतुमय भाग कणकेत शंभर ग्रॅमला सुमारे ११ ग्रॅम, तर मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम असतो. प्रथिने मात्र दोन्हींत जवळपास सारखीच असतात. तरी कणकेचा पाव कमी फुगतो, कारण गव्हातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या प्रथिनांपासून पाण्यात जे लवचीक जाळे बनते (ग्लुटेन), त्याला कोंड्याचे टोकदार कण जागोजागी छेद देतात; शिवाय कोंडा पाणी ओढून घेतो आणि जाळे कोरडे पडते. आपल्याकडची कणीक जात्यावर किंवा चक्कीवर दळलेली असते, हा आणखी एक मुद्दा. दगडाच्या दाबाने आणि उष्णतेने स्टार्चचे कण फुटतात. असे फुटके कण पाणी खूप शोषतात आणि पिठातली विकरे (एन्झाइम) त्यांची साखर चटकन करतात. पोळी मऊ राहते ती याच गुणामुळे. पावाच्या बाबतीत मात्र पीठ गरजेपेक्षा जास्त वेळ आंबले की ते चिकट होते आणि पाव आतून गिचका राहतो.

गिरणीवरून दर पंधरवड्याला गहू दळून आणायची पद्धत या कामी मोठी जमेची बाजू आहे. अंकुरात तेल असते, त्यामुळे कोंड्यासकट पीठ महिना-दोन महिन्यांत खवट होऊ लागते; ताज्या पिठाच्या पावाला जो गोडसर वास येतो तो दुकानातल्या जुन्या पाकिटातून येत नाही. दळताना बारीक दळून मागावे. जाड कोंडा चाळून निघालाच तर टाकू नये. तो उकळत्या पाण्यात भिजवून, मऊ झाल्यावर पिठात परत घालावा. मऊ पडलेला कोंडा जाळे कमी फाडतो.

प्रमाण असे : ५०० ग्रॅम कणकेला ३७५ ते ४०० ग्रॅम पाणी, ९ ग्रॅम मीठ, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, २० ग्रॅम गूळ किंवा साखर आणि २५ ग्रॅम लोणी किंवा तेल. मैद्याला इतक्याच वजनाला ३०० ते ३२५ ग्रॅम पाणी पुरते. पेल्या-वाटीने मोजण्यापेक्षा काटा घ्यावा, कारण वाटीत पीठ दाबून भरले की वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. आधी नुसते पीठ आणि पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवावे. हात न लावताच या वेळात कोंडा पाणी पितो आणि जाळे धरू लागते. मग यीस्ट, मीठ, गूळ घालून दहा-बारा मिनिटे तिंबावे, लोणी शेवटी. पोळीच्या कणकेपेक्षा हे पीठ सैल आणि हाताला चिकटणारे असते. इथे घाबरून वरून कोरडे पीठ भुरभुरवले की पाव घट्ट झालाच म्हणून समजावे. हात ओला करून मळावे. लिंबाएवढा गोळा बोटांनी हळूहळू ताणल्यावर पलीकडचा उजेड दिसेल असा पापुद्रा धरला, की तिंबणे पुरे. कणकेचा पापुद्रा मैद्याइतका तलम होत नाही, त्यावर कोंड्याचे ठिपके दिसतात आणि तो लवकर फाटतो, तेवढे चालते.

मऊपणासाठी सगळ्यांत उपयोगी युक्ती म्हणजे उकड. ज्वारीच्या भाकरीला पिठात कढत पाणी घालतात ते पिठाला चिकटपणा यावा म्हणून. पावातही तत्त्व तेच. पूर्व आशियात मऊ पाव याच पद्धतीने करतात. वरच्या मापातली ५० ग्रॅम कणीक आणि २५० ग्रॅम पाणी मंद आचेवर ढवळत राहावे. ६५ अंशांच्या आसपास स्टार्च फुलून खळीसारखा घट्टपणा येतो आणि चमच्यामागे रेघ राहते. ही खळ कोमट झाली की उरलेल्या पिठा-पाण्यात मिसळावी. स्टार्चने धरलेले पाणी भाजतानाही सुटत नाही, म्हणून असा पाव दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ असतो. निव्वळ कणकेचे बन करणाऱ्याने उकड टाळू नये.

आंबवण्याचा वेळ घड्याळावर नाही, हवेवर ठरतो. मे महिन्यात मुंबईत तासाभरात पीठ दुप्पट होते. डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे दोन-अडीच तासही लागतात. यीस्टला पाणी कोमटच हवे. ते ५५-६० अंशांपुढे गेले की यीस्ट मरते. पहिल्या फुगीनंतर पीठ दाबून, आकार देऊन साच्यात ठेवावे. दुसऱ्यांदा फुगताना पूर्ण दुप्पट होऊ देऊ नये, दीडपटीच्या थोडे पुढे गेले की ओव्हन तापलेला असला पाहिजे. ओल्या बोटाने हलके दाबावे. खळगा सावकाश, अर्धामुर्धा भरून आला तर भाजायला घ्यावे. लगेच भरून आला तर थोडे थांबावे. तसाच राहिला तर उशीर झाला आहे. कणकेच्या पावात हा शेवटचा प्रकार फार घडतो, कारण कोंड्याने अशक्त झालेले जाळे फार ताण सोसत नाही.

यीस्टऐवजी पीठ-पाण्याचे विरजणही चालते. समप्रमाणात कणीक आणि पाणी कालवून रोज थोडे काढून टाकत, तेवढेच नवे घालत गेले की आठवड्याभरात त्यात रानटी यीस्ट आणि लॅक्टिक जिवाणू स्थिरावतात. आपल्या उन्हाळ्यात त्याला दिवसातून दोनदा पीठ घालावे लागते, नाहीतर ते फार आंबट होते. कष्ट पडतात, पण त्या आंबटपणात कोंड्यातले, खनिजे धरून ठेवणारे फायटिक आम्ल मोडते आणि लोह, जस्त अंगी लागायला मदत होते.

ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लुटेन नाही, म्हणून त्यांचे पीठ एकूण पिठाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंत ठेवणे बरे. नाचणीने रंग आणि चव दोन्ही छान येतात. सांगली-सातारा-कोल्हापूरकडचा खपली गहू पुरणपोळीसाठी नावाजलेला. त्याचे ग्लुटेन कमकुवत असल्याने पाव बसका पण चवदार होतो, आणि तो साच्यातच भाजावा. खपली ग्लुटेनमुक्त असल्याचा समज सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे आणि सीलिअॅक रुग्णाला (ज्याला ग्लुटेन सोसत नाही त्याला) घातक ठरू शकतो.

मोठा पाव २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटे, बन १९० अंशांवर १८ ते २० मिनिटे. लहान ओव्हनमध्ये वरची सळई जवळ असते, तेव्हा वरून रंग आला की फॉइल झाकावी. बन लादीसारखे खेटून लावले तर कडा मऊ राहतात. पाव आतून ९३ ते ९६ अंश झाला, की शिजला. बाहेर काढल्यावर जाळीवर ठेवून किमान तासभर कापू नये. आतली वाफ स्थिरावण्याआधी सुरी घातली की काप चिकट निघतात.

फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पाव ठेवू नये. स्टार्च त्या तापमानाला सर्वांत लवकर कडक होतो. उरलेले काप डीप फ्रीजरमध्ये ठेवून थेट तव्यावर गरम करावेत. पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो : पाव मोडल्यावर आतून तारा सुटतात आणि अति पिकलेल्या खरबुजासारखा वास येतो. हे पिठातल्या, भाजूनही न मरणाऱ्या जिवाणूंच्या बीजाणूंचे काम असते. असा पाव टाकून द्यावा, साचे आणि ओटा व्हिनेगरने पुसून घ्यावा, आणि दमट दिवसांत पीठ भिजवताना चमचाभर व्हिनेगर किंवा थोडे विरजण घालावे, कारण आंबट पिठात हे जिवाणू वाढत नाहीत.