रेल्वे आणि नदीकाठची गावे : नागपूर परिसराच्या जुन्या नकाशांवरून

नागपूरभोवतीच्या वर्धा, कन्हान आणि वैनगंगा खोऱ्यांत पूर्वी मोठी गावे नदीच्या उतारापाशी (पायी ओलांडायच्या जागी), घाटापाशी वाढत. रेल्वे आल्यावर बाजार, गोदामे आणि मजुरांच्या वस्त्या स्टेशनाकडे सरकल्या.

मुंबईकडून येणारा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. तोवर इथला कापूस बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई. वर्धा जिल्ह्याचे मुख्यालय पुलगावजवळच्या कवठ्याहून १८६६ मध्ये पालकवाडीला हलवले आणि तिथे आखीव रस्त्यांचे वर्धा शहर वसले; नदी मात्र तिथून बरीच पश्चिमेला.

पूर्वेकडे उलट झाले. वैनगंगेकाठचे भंडारा होते तिथेच राहिले, रूळ बाजूने गेले. स्टेशन सुमारे १० किमीवर वरठीला, नाव ‘भंडारा रोड’. तुमसर रोडचे स्टेशनही गावात नसून देव्हाडीला आहे. गोंदिया हे साधे खेडे. जबलपूरकडची नॅरोगेज तिथे जोडली गेली आणि जंक्शनभोवती शहर उभे राहिले. १९९९ मध्ये ते जिल्ह्याचे ठिकाण झाले.

गावांच्या जुन्या-नव्या जागांच्या तुलनेसाठी सर्व्हे ऑफ इंडियाची एक इंच-एक मैल प्रमाणाची नकाशापाने सोयीची: नागपूर-कामठीसाठी पान क्रमांक ५५ ओ/४, पुलगावसाठी ५५ एल/६. प्रत्येक पान १५ मिनिटे अक्षांश-रेखांशाचे. स्कॅन क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत घेऊन चारही कोपरे त्यांच्या अक्षांश-रेखांशांवर बसवावेत आणि डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा आधार) जुन्या नकाशांचा एव्हरेस्ट ठेवावा. थेट जीपीएसचा डेटम डब्ल्यूजीएस ८४ धरला तर सगळे शंभर मीटरहून अधिक सरकते, आणि स्टेशनालगतची वस्ती रुळांच्या भलत्याच बाजूला दिसते. पडताळा जुन्या देवळांवर घ्यावा. नदीकाठ किंवा नाल्याचा संगम त्यासाठी बिनकामाचा, तो दर पुरात हलतो.

समासातले मोजणीचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगळे असते. पुनर्मुद्रणात रूळ नवे आणि गावे जुन्याच मोजणीची, असे सर्रास आढळते. अशा पानावरून ‘रेल्वे आली तरी गाव वाढले नाही’ म्हणणे फसवे आहे.

रिठी (ओसाड पडलेल्या) मौजांचेही तसेच. नकाशावर ओसाड दिसणारे प्रत्येक गाव रेल्वेने उठवले नाही. ताप, दुष्काळ, पूर यांनी काही आधीच उठली होती. म्हणून जमीनमहसूल बंदोबस्ताचे मौजेवार नकाशे आणि जनगणनेच्या गावयाद्या सोबत लागतात. वैनगंगेकाठी तर गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून हललेली गावे आधी बाजूला काढावीत. नव्या नकाशावर ती पुनर्वसित गावठाणे जुन्याच नावांनी, रस्त्यालगत दिसतात.