जिवाणूची चार सेकंदांची आठवण

ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठचं थेंबभर पाणी काचपट्टीवर घ्या, वर पातळ काच ठेवा आणि ४०० पट मोठं करून पाहा. जिवाणू फिके असतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाची प्रकाशझडप अर्धी मिटा. सगळे ठिपके एकाच दिशेला सरकत असतील, तर तो पाण्याचा ओघ. जागच्या जागी थरथरणारे पोहत नाहीत, पाण्याचे रेणू त्यांना ढकलतात. सरळ सुटणारा, क्षणभर गडबडणारा आणि भलत्याच दिशेने पुन्हा सुटणारा ठिपका शोधायचा. काचेखालचा ऑक्सिजन घटला की असे बरेच ठिपके हवेच्या बुडबुड्याभोवती जमतात.

त्यांना दिशा कळते कशी? सर्वांत जास्त अभ्यास ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा झाला आहे. त्याची लांबी जेमतेम २ मायक्रोमीटर, त्यामुळे पुढच्या आणि मागच्या टोकाकडच्या अन्नातला फरक नगण्य. तो जागांची नाही, वेळांची तुलना करतो: गेल्या साधारण एका सेकंदात भेटलेलं अन्न आणि त्याआधीच्या तीनेक सेकंदांतलं. १९७२ मध्ये मॅकनॅब आणि कोशलँड या शास्त्रज्ञांनी साल्मोनेला जिवाणूंना एका झटक्यात जास्त सेरीन (जिवाणूंना खेचणारं एक अमिनो आम्ल) असलेल्या द्रावणात मिसळलं. द्रावण सगळीकडे सारखंच होतं, तरी जिवाणू काही काळ न गडबडता सरळ पोहत राहिले.

ही आठवण डीएनएत नसते. पेशीच्या टोकाशी हजारो संवेदक प्रथिनांचा पुंजका असतो. अन्न चिकटलं की त्यांना जोडलेलं चे-ए हे प्रथिन थंडावतं, त्याच्याकडून चे-वाय या निरोप्या प्रथिनाला फॉस्फेट मिळेनासं होतं, आणि शेपट्यांची मोटर उलटी फिरायची थांबते, म्हणजे गडबडणंही थांबतं. हे सगळं सेकंदाच्या अंशात होतं. दरम्यान चे-आर हे प्रथिन संवेदकांवर सावकाश मिथिल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चढवत राहतं. ते उतरवणारं चे-बी हे प्रथिन चे-एवरच अवलंबून असल्याने तेही मंदावलेलं असतं. मिथिल वाढले की चे-ए पुन्हा जागं होतं. मासळी बाजाराचा वास थोड्या वेळाने जाणवेनासा होतो, तसं. किती मिथिल चढलेत, हीच नुकत्याच सरलेल्या काळाची नोंद.

नोंद जास्त टिकवून फायदा नाही. पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी दहाएक सेकंदांत जिवाणूचं तोंड तसंही फिरतं. मग जुनी माहिती दुसऱ्याच वाटेची ठरते.

या यंत्रणेतला बिघाड पाहायचा तर ०.३ टक्के अगारच्या (जेलीसारखा थर देणारा पदार्थ) मऊ प्लेटमध्ये मध्यभागी जिवाणू टोचतात. निरोगी वाण रात्रभरात कडांकडे पसरतो. चे-बी नसलेला सतत गडबडतो, म्हणून फारसा पुढे जात नाही. चे-आर नसलेला फक्त सरळ पोहतो, आणि गंमत म्हणजे तोही मागे पडतो: अगारच्या जाळीतल्या बंद गल्लीत शिरला की गडबडल्याशिवाय बाहेर निघता येत नाही. अगार नेहमीचा १.५ टक्के घातला, तर निरोगी वाणही जागचा हलत नाही आणि प्लेट वाया जाते.