मॅच चालू असताना फोन शांत कसा ठेवावा

नमस्कार,

आयपीएल सुरू झाली की आमच्या काउंटरवर एक तक्रार हमखास येते: "फोन सारखा वाजतोय, काहीतरी बिघडलंय बघा." मागच्या हंगामात एक काकू अशाच आल्या. वैतागून त्यांनी फोन कायमचा सायलेंटवर टाकला होता आणि त्या रात्री मुलीचे चार कॉल त्यांना कळलेच नाहीत. फोन ठणठणीत होता. नातवाने टाकलेली स्कोअरची दोन अ‍ॅप्स, बातम्यांचं एक अ‍ॅप आणि ब्राउझरमध्ये कधीतरी 'परवानगी द्या' म्हटलेली एक वेबसाइट, असे चौघे मिळून प्रत्येक विकेटला वाजत होते. हे पत्रक त्या दिवशीच लिहायला घेतलं. अ‍ॅप काढायची गरज नाही आणि फोन मुका करायची तर मुळीच नाही. स्कोअरचा आवाज तेवढा वेगळा बंद करता येतो.

एका ट्वेंटी-ट्वेंटीत किती वेळा फोन वाजतो ते मोजून बघा. टॉस, दोन्ही संघांची नावं, दहा-बारा विकेटी, अर्धशतकं, पहिला डाव संपला, निकाल लागला. एकाच अ‍ॅपचे सहज वीस अलर्ट होतात. शनिवार-रविवारी साडेतीनची आणि साडेसातची अशा दोन मॅच असल्या की दुप्पट.

<b>अँड्रॉइड फोन</b>

सेटिंगमध्ये शोधत बसू नका. पुढचा अलर्ट येऊ द्या, वरून पडदा खाली ओढा आणि त्या अलर्टवर बोट दाबून धरा. 'सायलेंट' असा पर्याय दिसेल, तो निवडा. आता स्कोअर पडद्यात गुपचूप येऊन बसेल. आवाज नाही, थरथर नाही, स्क्रीनवर उडी मारून येणं नाही. बहुतेकांचं काम एवढ्यावरच होतं.

थोडं बारकाईने करायचं असेल तर तिथेच बाजूला चाकाचं चिन्ह असतं. ते दाबलं की त्या अ‍ॅपच्या अलर्टचे प्रकार सुटे सुटे दिसतात: विकेट, निकाल, बातम्या, जाहिराती. अँड्रॉइड ८ पासून ही सोय आहे, म्हणजे आज वापरात असलेल्या जवळपास सगळ्या फोनमध्ये. आमचा सल्ला असा की निकाल चालू ठेवा, बाकी बंद करा. काही अ‍ॅप्स सगळे अलर्ट एकाच खात्यात टाकतात. तिथे अ‍ॅप उघडून मॅचच्या किंवा संघाच्या नावाशेजारची घंटी बंद करावी लागते. एका संघाची घंटी चालू ठेवलीत तरी चालेल, पण पूर्ण स्पर्धेची ठेवू नका. दहा संघांच्या सगळ्या मॅचचे अलर्ट कोणालाच नको असतात.

चुकून भलताच अलर्ट पुसला गेला? सेटिंगमध्ये 'सूचना', त्यात 'सूचना इतिहास' चालू करून ठेवा. अँड्रॉइड ११ आणि त्यापुढच्या फोनमध्ये कोणत्या अ‍ॅपने कधी आवाज केला ते तिथे सापडतं. आम्ही दुकानात 'चोर' पकडतो तो तिथेच.

<b>आयफोन</b>

अलर्ट डावीकडे सरकवा, 'ऑप्शन्स' दाबा. एक तास किंवा आजचा दिवस म्यूट, असे पर्याय येतात. आजची मॅच गेली की उद्या सगळं आपोआप पूर्ववत, म्हणून आम्हाला हा फार आवडतो. लॉक स्क्रीनवर हलता स्कोअर दिसत राहतो ती 'लाइव्ह अ‍ॅक्टिव्हिटी'. तिचं बटण वेगळं असतं; अलर्ट बंद केले तरी ती बंद होत नाही.

<b>मॅच मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी</b>

गोलंदाज अजून धावतोय आणि वर पट्टी येते: "आउट!" सगळी मजा जाते. याचं कारण साधं आहे. व्हिडिओचे तुकडे पाडून, दाबून, ते तुमच्या फोनमध्ये थोडे साठवून मग दाखवले जातात, त्यामुळे चित्र काही सेकंद, कधी अर्धा मिनिटसुद्धा मागे असतं. स्कोअरचा अलर्ट म्हणजे चार शब्द, ते लगेच पोहोचतात. नेट कितीही वेगवान घेतलंत तरी हा फरक पूर्ण जात नाही. म्हणून मॅच बघायला बसण्याआधी स्कोअरची अ‍ॅप्स सायलेंट करा आणि मित्रांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करा. शेजाऱ्यांच्या टीव्हीवरचा आरडाओरडा मात्र आमच्या हातात नाही.

<b>झोप आणि अभ्यास</b>

ऑस्ट्रेलियातली मॅच सगळ्यात त्रासाची. मेलबर्नची कसोटी आपल्याकडे पहाटे पाचला सुरू होते, टॉस साडेचारला. यावर उपाय म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब', मराठी फोनमध्ये 'व्यत्यय आणू नका'. रात्री अकरा ते सकाळी सहा अशी वेळ एकदा लावून ठेवली की रोज आपोआप चालू-बंद होतं.

पण ते लावताना कॉलची सोय आधी करा, हे कळकळीने सांगतो. घरच्यांचे नंबर 'आवडते' म्हणजे स्टारमध्ये टाका आणि त्यांचे कॉल येऊ द्या, असं निवडा. 'पुन्हा कॉल करणारे' हा पर्यायही चालू ठेवा. मग त्याच नंबरावरून अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आणि आयफोनवर तीन मिनिटांत दुसरा कॉल आला की फोन वाजतो. घरच्या सगळ्यांना सांगून ठेवा: तातडी असेल तर लागोपाठ दोनदा लावा. गजराची परवानगीही एकदा तपासून घ्या.

सीईटी आणि नीटची तयारी नेमकी एप्रिल-मेमध्ये, आयपीएल ऐन भरात असताना असते. मुलांचा फोन काढून घेण्यापेक्षा त्यांच्याशेजारी बसून निकालाचा एक अलर्ट चालू ठेवा, बाकीचे बंद करा. मुलं ऐकतात, असा आमचा अनुभव आहे.

<b>दोन गोष्टी सांभाळा</b>

अलर्टवर ब्राउझरचं चिन्ह आणि खाली अनोळखी वेबसाइटचं नाव असेल, तर ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये जाऊन तिची परवानगी काढा. "मॅच ओळखा, बोनस मिळवा" असल्या संदेशावर बोटही ठेवू नका. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

दुसरं, कधीकधी कुठल्याच अ‍ॅपचं नाव नसलेली चौकट मध्येच उगवते: "स्कोअर हवा? ओके दाबा." ही सिममधून येते आणि ओके दाबल्यावर पैसे लागणारी सेवा सुरू होऊ शकते. 'रद्द करा' दाबा, मग 'सिम टूलकिट' नावाच्या अ‍ॅपमध्ये जाऊन असे संदेश बंद करा. बॅलन्स कापला गेला असेल तर १९८ वर तक्रार नोंदवा.

मेन्यूची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. जमलं नाही तर फोन घेऊन या, फोन कुठूनही घेतलेला असो. याचे आम्ही पैसे घेत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. पिन आम्हाला सांगू नका. लॉक तुम्हीच उघडा आणि आम्ही काय काय बदलतो ते शेजारी उभं राहून बघा. संध्याकाळी सहानंतर गर्दी असते, सकाळी आलात तर निवांत शिकवता येईल.