फवारणीआधीचे रक्त

मोहोर फुटू लागला, की रत्नागिरी-देवगडच्या हापूस बागांत तुडतुडे आणि फुलकिडींविरुद्ध फवारणी सुरू होते. कलमे उंच असतील तर गन वर धरावी लागते आणि खाली येणारे तुषार फवारणाऱ्याच्याच मानेवर आणि घामाने भिजलेल्या सदऱ्यावर बसतात. अशा वेळी केवळ हवेतील औषध मोजून भागत नाही, कारण ऑरगॅनोफॉस्फरस गटातील कीटकनाशके त्वचेतूनही आत शिरतात. शरीरात प्रत्यक्ष किती गेले किंवा त्याने काय केले, हे रक्त-लघवीतून तपासणे म्हणजे जैविक देखरेख.

ही औषधे कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करतात. मज्जातंतूंचा संदेश पोचवणारे ॲसिटिलकोलिन मग साचत जाते आणि लाळ, घाम, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, स्नायूंची थरथर अशी लक्षणे दिसू लागतात. तेच विकर तांबड्या पेशींवरही असल्याने रक्ताच्या एका नळीतून अंदाज घेता येतो. मात्र निरोगी माणसांमध्येही त्याची पातळी इतकी वेगवेगळी असते, की मुळात जास्त पातळी असलेल्याचे एक तृतीयांश विकर गेले तरी अहवालावर ‘नॉर्मल’ छापून येऊ शकते. म्हणून हंगामापूर्वी प्रत्येकाची स्वतःची पातळी नोंदवणे, हा माझ्या मते या तपासणीचा प्राण आहे. कॅलिफोर्नियात तांबड्या पेशींतील पातळी स्वतःच्या मूळ पातळीच्या 70 टक्के किंवा त्याहून खाली गेली, की कामगाराला अशा औषधांपासून दूर ठेवतात आणि 80 टक्क्यांपर्यंत चढल्यावरच परत घेतात. ही भरपाई सावकाश होते, कारण ती नव्या पेशींवर अवलंबून असते आणि तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते.

लोटे किंवा महाडच्या रासायनिक कारखान्यांत नमुना केव्हा घ्यायचा, याचे गणित बदलते. टोल्युइन या द्रावकाचे शरीरात हिप्युरिक आम्ल होते, ते काही तासांत लघवीवाटे निघून जाते, म्हणून नमुना कामाची पाळी संपताना घ्यावा लागतो. शिवाय सोडियम बेंझोएट घातलेल्या शीतपेयानेही हेच आम्ल वाढते. रक्तातील शिसे मात्र कित्येक आठवडे टिकते.

बागांत हंगामापुरते येणारे नेपाळी कामगार बहुधा अशा तपासणीबाहेरच राहतात. त्यांचे रक्त पहिल्या फवारणीपूर्वी घ्यावे, पुढचे नमुने त्याच प्रयोगशाळेत त्याच पद्धतीने तपासावेत आणि अहवालाची प्रत त्यांच्याच हाती द्यावी, कारण पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच बागेत असू शकतात.